साथीत आणि साथीपायी

मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, तेरवी गेल्या माघात झाली. सत्त्याऐंशी वर्षांचे मामाजी रात्री दूध-भाकर कुस्करून खाऊन झोपले आणि सकाळी उठले नाहीत. गावाने त्याला सोन्याचे मरण म्हटले आणि आम्हालाही ते पटले. तेरवीच्या आदल्या दिवशी मी भांडी सांगायला महिला बचत गटाच्या खोलीवर गेले. यवतमाळ जिल्ह्याच्या कडेला, वर्धा नदीच्या अलीकडे असलेल्या आमच्या गावात पंगतीची भांडी गटाकडूनच नेतात: जर्मनचे मोठे गंज म्हणजे पातेली, लोखंडी कढया, पराती, कोपरे, बादल्या, ओगराळी, झारे आणि भिंतीला टेकलेल्या ताटांच्या चळती. खोलीत राखेचा, चिंचेचा आणि जुन्या तेलाचा मिळून एक वास कायम असतो. किल्ली ज्यांच्याकडे असते त्या काकूंनी लांबोडकी जाड वही माझ्यापुढे केली आणि म्हणाल्या, “तुमच्याच हातानं लिहा बाई, तुमचं अक्षर चांगलं हाये.” तारीख, नाव, कशासाठी, काय काय नेले, भाडे, जमा, असे रकाने त्यांनी पट्टी लावून आखलेले होते. दीडशे पानांच्या पंगतीला किती गंज लागतील याचा अंदाज घ्यावा म्हणून मी मागची पाने चाळू लागले. लग्न, बारसे, तेरवी, वास्तू, तेरवी, साक्षगंध. मार्च २०२० च्या पहिल्या आठवड्यातली एक ओळ होती, बारशाची. तिच्या लगेच खालची ओळ नोव्हेंबर २०२१ ची होती.

त्या दोन ओळींच्या मध्ये बोटही मावत नव्हते.

वहीचा त्यात काही दोष नव्हता. भांडी बाहेर गेली नाहीत, म्हणून नोंद झाली नाही. अंत्यविधीला वीसच माणसे चालतील असा नियम होता, साथ जोरात असताना चौघे मिळणेही कठीण झाले होते, तिथे तेरवीची पंगत कोण घालणार? पण गावात सर्वांत जास्त माणसे ज्या महिन्यांत गेली, नेमके तेच महिने या वहीत नव्हते, आणि हे पाहिल्यावर मला माझी ओळ लिहायला काही वेळ लागला. त्याहून अधिक खटकले ते पुढचे पान. नोव्हेंबर २०२१ नंतर दीड पानभर ‘कशासाठी’च्या रकान्यात जवळजवळ एकच शब्द उतरत गेला होता. काही तेरव्या, काही राहून गेलेल्या वर्षश्राद्धांच्या पंगती. वर्षश्राद्धांचे समजण्यासारखे होते. पण त्या तेरव्या कोणाच्या? तोवर गावापुरता कोरोना संपला होता, मास्क खिळ्यांना लटकत होते, शाळा भरू लागली होती. मी एकेक नाव वाचले. सगळी माणसे माझ्या ओळखीची होती आणि त्यांतल्या एकाच्याही मरणाच्या कागदावर कोरोना हा शब्द आलेला नव्हता.

अशा मरणांसाठी अभ्यासकांनी एक संज्ञा वापरली आहे, अतिरिक्त मृत्यू. नेहमीच्या वर्षांत किती माणसे दगावतात याचा अंदाज घ्यायचा, साथीच्या काळात प्रत्यक्षात किती गेली ते मोजायचे आणि वजाबाकी करायची. कोण कशाने गेले हे विचारायचे नाही, जास्तीचे किती गेले तेवढेच पाहायचे. रीत चोख आहे, कारण तीत चाचणी झाली नाही म्हणून कोणी सुटत नाही. पण हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मला कसेसेच झाले, आणि त्याचे कारण माझ्या नोकरीत आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत ‘अतिरिक्त’ हा शब्द कोणत्या शिक्षकाला माहीत नाही? पट घसरला की एक शिक्षक अतिरिक्त ठरतो. त्याच्यासाठी पद उरत नाही आणि त्याचे समायोजन कुठे होईल याची तो वर्षभर वाट पाहतो. ज्याच्यासाठी कागदावर जागा नाही तो अतिरिक्त, असा अर्थ इतकी वर्षे माझ्या अंगी मुरलेला आहे. ज्या माणसांनी अजून जगायला हवे होते, त्यांच्या मरणाला हाच शब्द लावलेला पाहून मला ती माणसेच जास्तीची होती असे ऐकू आले.

तरीही ती वजाबाकी मी करून पाहिली. देशात २०१९ मध्ये ७६.४ लाख मृत्यू नोंदले गेले, २०२० मध्ये ८१.२ लाख आणि २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. मृत्यूनोंदणीचे प्रमाणही वर्षागणिक वाढत असते, म्हणून ही सगळी वाढ मरणांचीच असे म्हणता येत नाही, हे मला कळते. पण त्याच २०२१ मध्ये कोरोनाचे म्हणून मोजलेले मृत्यू सुमारे ३.३ लाख होते, आणि नोंदी एका वर्षात वीस लाखांहून अधिक वाढल्या होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये भारतातल्या दोन वर्षांच्या अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज ४७ लाख सांगितला, तेव्हा आपल्या सरकारने त्या पद्धतीला हरकत घेतली. तो वाद जाणकारांचा आहे. मला एवढेच दिसले की २०२१ च्या मृत्यूनोंदींचा अहवाल बाहेर यायला मे २०२५ उजाडला, आणि तोवर आमच्या काकूंच्या वहीतली पुढची कितीतरी पाने भरून गेली होती.

‘अतिरिक्त’च्या ऐवजी मला माझ्या आजीचा शब्द आठवतो. माझे माहेर वऱ्हाडातले. १९१८ साली पावसाने दगा दिला आणि आश्विन-कार्तिकात मानमोडी आली, तेव्हा आजी सहा वर्षांची होती. त्या तापाला आमच्याकडे कोणी इन्फ्लुएंझा म्हटले नाही. मान मोडून टाकणारी ती मानमोडी. संध्याकाळी चुलीपुढे तुरीच्या शेंगा सोलताना आजी ती गोष्ट सांगे, आणि सांगताना एक हिशेब न चुकता करी: “आमच्या घरी मानमोडीत तीन गेले, अन् मानमोडीपायी चार.” लहानपणी मला यातला फरक कळत नसे. मानमोडीत गेले ते तापाने फणफणून आठ दिवसांत गेलेले. मानमोडीपायी गेले ते नंतरचे. त्यांतले पहिले होते आई दगावल्यामुळे अंगावरचे दूध तुटलेले सात महिन्यांचे बाळ. त्याला शेळीचे दूध पाजून पाहिले, ते शिमग्यापर्यंत टिकले. दुसरा दोन्ही डोळ्यांनी अंध असलेला चुलत आजा, ज्याला वेळेवर पाणी देणारे घरात कोणी उरले नव्हते. तिसरी पुढच्या वर्षी बाळंतपणात गेलेली काकू, जिच्या अंगात तापानंतर रक्तच भरले नव्हते. आणि चौथा सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. रब्बीची पेरणीच झाली नाही, ज्वारी महागली, आणि त्याने उपाशी राहून आपल्या वाटचे पोरांना घातले. सालदारालाही आजी ‘आमच्या घरी’ यातच धरी. १९२१ च्या शिरगणतीत या देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली, हे मी पुढे डी. एड. करताना वाचले. त्या साथीत मुंबईत कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींत हजारी ६१ माणसे गेली आणि युरोपियांत ८, हे तर फारच उशिरा वाचनात आले. आजीला यातले काही माहीत नव्हते. पण तिच्या बोलण्यात ‘मानमोडीत’ आणि ‘मानमोडीपायी’ असे दोन रकाने होते, आणि दोन्हींची बेरीज ती सात अशीच करी.

काकूंच्या वहीतल्या त्या दीड पानात माझ्या दृष्टीने सर्वांत जड नाव आमच्या घरामागे राहणाऱ्या मायचे होते. सगळे गाव तिला मायच म्हणे. तिला रक्तदाबाचा त्रास होता आणि तिच्या गोळ्या बाजाराच्या दिवसाला बांधलेल्या होत्या: बुधवारी तालुक्याचा बाजार, बाजाराला काळीपिवळीने जायचे, मिरच्या-कांदे घ्यायचे, परतताना सरकारी दवाखान्याच्या खिडकीतून महिन्याच्या गोळ्या घ्यायच्या. मार्च २०२० मध्ये बाजार बंद झाला आणि त्याबरोबर गोळ्याही बंद झाल्या. गोळ्या कोणी अडवून ठेवल्या नव्हत्या, तिची जायची वाट तेवढी मोडली होती. त्या वर्षी सप्टेंबरात घरोघरच्या सर्वेक्षणाचे काम आम्हा शिक्षकांकडे आले, तेव्हा आशाताईंबरोबर मी तिच्या ओसरीवर गेले. कपाळापुढे तापमापक धरला, बोटाला ऑक्सिमीटर लावला. निंदणाने तिची बोटे हिरवट-काळी झाली होती, नखांत माती होती आणि यंत्राला आकडा सापडेना. मी तिचे बोट दोन्ही तळहातांत धरून चोळले. ते खरखरीत आणि गार होते. तिसऱ्या वेळी ९७ उमटले. मी ९७ लिहिले, ताप नाही, खोकला नाही असे लिहिले. मी उठू लागले तेव्हा ती म्हणाली, “बाई, बीपीच्या गोळ्या सरल्या व माह्या. मांगच्या चार मयन्यापासून नाई.” आरोग्य केंद्रात मिळतील असे मी सांगितले. ती म्हणाली, “तिथं गेली अन् कोरोनाच घेऊन आली तं?” मला त्या दिवशी आणखी तीस घरे करायची होती. माझ्या कागदावर ‘गोळ्या सरल्या’ लिहायला जागा नव्हती. पण कागदाबाहेर काही करायला मला कोणी मनाई केली नव्हती, हेही खरे आहे. मी शेऱ्यात ‘ठीक’ लिहिले. जानेवारी २०२२ मध्ये तिचे डावे अंग गेले आणि चौथ्या दिवशी ती गेली.

ते ‘ठीक’ माझ्या अक्षरात आहे.

दुसरे नाव माझ्या विद्यार्थ्याचे. चौथीपर्यंत मी त्याला शिकवले. त्याला सिकलसेल होता, गावात म्हणतात तसा ‘एसएस’, म्हणजे आई आणि वडील दोघांकडून आलेला. विदर्भातल्या कितीतरी वर्गांत असे एखादे पिवळसर डोळ्यांचे मूल असते, आणि थंडीच्या सकाळी त्याला उन्हात बसवायचे, पाणी प्यायला मागेल तितक्यांदा सोडायचे, हे शिक्षकाला सवयीने कळते. हाडांत दुखू लागले की तो बाकावर डोके टेकून निपचित पडे, ओरडत नसे. आमच्या बाजूची माणसे पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या दुखण्याला नदी ओलांडून सेवाग्रामला जातात. टाळेबंदीत जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या आणि जो पूल आम्हाला कधी सीमा वाटला नव्हता त्यावर अडथळे लागले. पलीकडे जायला ई-पास हवा, ई-पासला नेट हवे, आणि नेट गावात टाकीवर चढल्याशिवाय येत नसे. बाप टाकीवर चढला, पोरगे खाली खाटेवर कण्हत होते. त्या वेळचे दुखणे निभावले. पण रक्तदान शिबिरे थांबल्यामुळे रक्ताची टंचाई होती, गोळ्यांत खंड पडला, महिन्याच्या फेऱ्या चुकल्या त्या चुकल्याच. पुढे निर्बंध उठले, तरी आमची मुक्कामी गाडी पुन्हा सुरू झाली नाही, आणि २०२१ च्या हिवाळ्याच्या तोंडावर सुरू झालेला बसचा संप पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. संप करणाऱ्यांनाही पोट होते, त्यांना मी बोल लावत नाही. सिकलसेलच्या रुग्णाला साध्या बसने मोफत प्रवासाची सवलत आहे, ते कार्ड त्याच्या खिशात होते. २०२२ च्या आषाढात छातीत न्यूमोनिया होऊन तो गेला. त्याला एकोणिसावे लागले होते.

तिसरा एक मजूर होता, नागपूरकडे बांधकामावर जाणारा. त्याची गोष्ट लहान आहे. खोकणाऱ्याला शाळेत नेऊन ठेवतात या भीतीने तो वर्षभर खोकला लपवत राहिला; खोकला आला की उठून गोठ्यात जाई आणि तोंडावर शेला दाबून खोके. थुंकी तपासली तोवर टीबीने फुप्फुसे पोखरली होती. देशात २०१९ मध्ये क्षयाचे २४ लाख रुग्ण नोंदले गेले आणि २०२० मध्ये १८ लाख. ते सहा लाख बरे झालेले नव्हते, असेच कुठल्या ना कुठल्या गोठ्यात तोंड दाबून खोकत होते.

तेरवीच्या गडबडीत मामाजींच्या दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत जाणे झाले, तेव्हा मी ग्रामसेवकांना त्या दोन वर्षांच्या मृत्यूंची कारणे विचारली. एकवीस दिवसांच्या आत नोंद करायला घरचे येतात, ते जे सांगतील ते आम्ही लिहितो, असे ते म्हणाले. वृद्धापकाळ. हृदयविकार. अल्पशा आजाराने. यात कोणाचा खोटेपणा नाही. २०२१ मध्येही देशात नोंदलेल्या चार मृत्यूंपैकी तिघांहून अधिकांचे कारण डॉक्टरने लिहिलेले नव्हते, आणि घरी, खाटेवर, भरल्या घरात गेलेल्या माणसाचे कारण घरातली माणसे दुसरे काय सांगणार? पण या रकान्याचे वजन पुढे कळते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कोरोनाने दगावलेल्यांच्या घरी ५० हजार रुपये देण्याचे ठरले, आणि चाचणी झाल्यापासून ३० दिवसांच्या आतले मृत्यू त्यात धरले गेले. ज्यांच्याकडे चाचणीचा कागद होता त्यांना पैसे मिळाले, आणि ते मिळायलाच हवे होते. साथीपायी गेलेल्यांकडे दाखवायला काय होते? मायच्या सुनेला अर्ज कुठे करायचा हेही विचारावेसे वाटले नाही, कारण तिच्याही मनात सासू बीपीने गेली हेच होते.

आणि कदाचित ते तसेच असेल. गोळ्या असत्या तरी माय त्याच जानेवारीत गेली असती का, हे कोणी सांगू शकत नाही. या वजाबाकीचा मला सर्वांत जास्त त्रास होतो तो इथे. जास्तीची माणसे गेली, हे ती ठामपणे सांगते. त्यांतली मायच एक होती का, असे विचारले की ती गप्प राहते. लाखांच्या हिशेबात चूक पोटात घालता येते. एका ओसरीवर, एका गार बोटापाशी, तसे करता येत नाही. कधी मला वाटते मी उगाच स्वतःला लावून घेते, तिचे वय झाले होते. मग मामाजी आठवतात. ते तिच्याहून चौदा वर्षांनी मोठे होते, त्यांनाही बीपी होता, पण त्यांच्या गोळ्या माझे पती मोटारसायकलने तालुक्याहून आणत. टाळेबंदीत पोलिसांना शिक्षकाचे ओळखपत्र दाखवले की सोडत. त्याच पिशवीत मायच्याही चार पट्ट्या मावल्या असत्या.

तेरवीच्या रात्री पंगती उठल्यावर मी शाळेच्या वहीचे मागचे पान फाडून दोन रकाने आखले आणि आजीचे शब्द वर लिहिले. पहिल्या रकान्यातली नावे चटकन झाली. दुसऱ्यात विद्यार्थी आला, तो मजूर आला, दिवस भरलेले असताना गाडी न मिळाल्याने वाटेतच बाळ गमावलेल्या गावातल्या एका सुनेचे ते नाव न ठेवलेले मूल आले. कापूस विकून शहरातल्या खाजगी दवाखान्याचे बिल भरणारा आणि नवरा वाचल्यावर बायकोच्या पोटातली गाठ पुढच्या हंगामावर ढकलणारा एक संसार आला. मायचे नाव मी दुसऱ्या रकान्यात लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. पान घडी करून पिशवीत ठेवले.

दुसऱ्या दिवशी भांडी परत करायला गेले. आमच्याकडच्या बायांनी ती राखेने आणि चिंचेने घासून उन्हात पालथी घातली होती, गंजांची बुडे चकाकत होती. काकूंनी पदर खोचला आणि मोजायला घेतले. ताटे दहा-दहाच्या चळतींनी, मग वाट्या, मग गंज आणि प्रत्येकावरचे झाकण. त्या दोनदा मोजतात, एकदा तोंडाने आणि एकदा हात लावून. ओगराळी पाच नेली होती, चार भरली. मी म्हटले, “काकू, राहू द्या, मी नवीन आणून देते.” त्यांनी मान हलवली. “नवीन नको. नेलं ते गेलं कुठं, ते पाहा लागते.” मग चार बाया आमच्या अंगणात परत आल्या. न्हाणीत पाहिले, मांडवाच्या कापडाच्या घड्या उलगडून पाहिल्या, कुटाराच्या ढिगात हात घातला. अर्ध्या तासाने ते बंडीच्या खाली कढीच्या रिकाम्या बादलीत सापडले, आतून पिवळे, दांड्याला कढीलिंबाचे एक पान चिकटलेले. काकूंनी ते विसळले, पदराने पुसले, खोलीतल्या पाचव्या खिळ्याला अडकवले. मग वही उघडून माझ्या ओळीच्या शेवटच्या रकान्यात त्यांनी सावकाश लिहिले, सर्व जमा.